चित्तरवाल्याचा घाट

पत्रे लावायला माणसं आली तेव्हा इस्त्रीवाली गुडघाभर पाण्यात उभी राहून दवाखान्याच्या चादरी आपटत होती. उन्हाळा संपत आलेला. तळं आटून घाटाच्या चौथ्या पायरीच्याही खाली गेलं होतं. अकरा दगडांपैकी सहाच दगड पाण्याला लागून उरले होते, आणि त्या सहा दगडांवर सात घरांची धुणी चालत होती. पाळी लावून. रोज भांडणं व्हायची, पण धुणंही व्हायचं.

वर काठावर टेम्पो थांबला. चौघांनी पत्रे उतरवले. नगरपालिकेच्या ओव्हरसियरने फीत काढली आणि सरळ घाटाच्या तोंडाशीच माप टाकलं.

"ओ साहेब," तिने खालूनच हाक मारली, "येण्याजाण्याची वाट आहे ती."

"होती," ओव्हरसियर वहीत आकडा लिहीत म्हणाला. "परवापासून बंद. काम सुरू होतंय."

"कसलं काम?"

"कमाल आहे! तुम्हालाच माहीत नाही? तुमच्या वडिलांचंच काम की. कलादालन. त्यांच्या नावाचं. पुढे बाग, बसायला बाकं, सगळं."

"आणि आमचे दगड?"

"कुठले दगड?"

ती ज्या दगडावर चादर आपटत होती त्या दगडाकडे त्याने पाहिलं, आणि तरी विचारलं, कुठले दगड. इस्त्रीवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने चादरीचा पीळ सोडला नाही, तसाच हातात धरून ती चार पायऱ्या वर आली. चादरीतलं पाणी तिच्या कोपरावरून ओघळून ओव्हरसियरच्या बुटांवर पडलं.

"हा काय, हा! आणि तो, आणि तो! चाळीस वर्षं झाली आपटतोय त्याच्यावर. डोळे आहेत ना कपाळाखाली?"

"बाई, नकाशात ही जागा पडीक आहे. माझ्याशी भांडून काय उपयोग? मी नकाशा बघणार." बूट झटकत तो बाजूला झाला.

शेजारच्या दगडावरची काकी पाण्यात तशीच उभी होती. तिचा आवाज तळ्याच्या पल्याड ऐकू जायचा म्हणून तिला सगळे भोंगा म्हणत. आज मात्र तिच्या तोंडून एवढंच निघालं, "अगं, तुझ्या बापाच्या नावानं आमच्याच पोटावर पाय?"

हे वाक्य इस्त्रीवालीला दिवसभर डसत राहिलं.

बापाबद्दल सांगायचं तर तो धोबीच. सहा दिवस धुणं आणि सातव्या दिवशी चित्र. गाव त्याला चित्तरवाला म्हणायचं, आणि कौतुकाने नाही म्हणायचं. "काय चित्तरवाले, आज माझ्या सदऱ्यावर डोंगर काढलात की काय?" असं विचारून लोक हसायचे, आणि तोही हसायचा. दवाखाना फाटक्या चादरी टाकून द्यायचा, त्या तो मागून आणायचा, त्यांना घट्ट खळ द्यायचा, चौकटीवर ताणायचा आणि रंगाच्या दुकानातून डब्याच्या तळाशी उरलेला दाराखिडक्यांचा ऑइलपेंट आणून त्यावर रंगवायचा. रंगवायचा काय? समुद्र. बर्फाचे डोंगर. हंस. जे जन्मात पाहिलं नाही ते सगळं. कुठल्याशा कॅलेंडरवर बघायचा आणि त्यात आपल्या मनाचं घालायचा. आई भट्टीपाशी सोड्याच्या वाफेत उभी असायची आणि हा झाडाखाली बसून हंसाची मान वळवत असायचा. एकदा त्याने नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवर हौसेने मोठा समुद्र काढला, तर पालिकेने त्यावर चुना फासला आणि वर दंड केला. त्या वेळी एकालाही कला आठवली नाही.

बाप जाऊन नऊ वर्षं झाली. गेल्या वर्षी मोठ्या शहरातून कोणी पाहुणे आले, न्हाव्याच्या दुकानात दाढी करताना त्यांना भिंतीवर हंसाचं चित्र दिसलं, त्यांनी वर्तमानपत्रात लिहिलं, आणि गावाला एकदम कंठ फुटला. आपल्या मातीतला कलावंत! थुंकावंसं वाटायचं इस्त्रीवालीला.

दुपारी ती घरी आली तेव्हा धाकटा दारातच बसला होता. धाकटा म्हणजे तिचा भाऊ. नगरपालिकेत रोजंदारीवरचा शिपाई, अकरा वर्षं साहेबांना पाणी देतोय आणि अकरा वर्षं कायम होण्याची वाट बघतोय. आई आत कपड्यांवर खुणा घालत होती. कोणाचा कपडा कोणाचा, हे कळावं म्हणून काळ्या शाईचं बारीक चिन्ह. तिला आता नीट दिसत नव्हतं, पण बोटांना सवय होती.

"तुला ठाऊक होतं," इस्त्रीवाली गाठोडं खाली टाकत म्हणाली.

"ताई, आधी ऐकून तर घे."

"तुला ठाऊक होतं की नाही, एवढंच सांग."

"होतं." त्याने मान खाली घातली. "अध्यक्षांनी मला बोलावून सांगितलं. बाबांची ट्रंकेतली चित्रं द्यायची, आणि दालन झालं की मला तिथला रखवालदार म्हणून कायम करणार. किल्ल्या माझ्याकडे. ताई, बाबांचं नाव होतंय गं. मोठ्या अक्षरात. दारावर."

"आणि दारात आम्ही काय करायचं? टाळ्या वाजवायच्या? दवाखान्याच्या ऐंशी चादरी मी तुझ्या कपाळावर धुऊ?"

"नळ आहेत की गावात."

"नळाला एक तास पाणी येतं. ऐंशी चादरी! एका तासात!" तिने हाताची मूठ भिंतीवर आपटली. "तू धोब्याच्या पोटी जन्मलास ना रे? की तुला पालिकेतल्या माठातून काढलं?"

आई आतून म्हणाली, "भांडू नका गं."

"भांडू नका कसं? चित्रं जाणार नाहीत ट्रंकेतून. एकसुद्धा नाही. आधी लिहून द्यायचं, की दगड राहतील. मग न्या म्हणावं हंस आणि बगळे."

धाकट्याने चहासुद्धा घेतला नाही. उठून गेला.

दुसऱ्या दिवशी ती नगरपालिकेत गेली. अध्यक्षांच्या खोलीबाहेरच्या बाकावर तिला सव्वादोन तास बसवलं. तिच्या नंतर आलेले तिघे आत जाऊन, चहा पिऊन, हसत बाहेर आले. तिच्याच भावाने त्यांना चहा नेला, आणि ट्रे घेऊन तिच्यासमोरून जाताना तो भिंतीकडे बघत गेला. तिच्या हातांना सोड्याने भेगा पडलेल्या होत्या. ती ते हात पदराखाली घेऊन बसली, मग स्वतःचाच राग येऊन तिने ते परत मांडीवर उघडे ठेवले.

अध्यक्षांनी मात्र उभं राहून स्वागत केलं. "या, या! कलावंताची लेक! बसा." टेबलावर रंगीत कागद पसरलेला होता. पांढरी इमारत, हिरवी बाग. "बघा. तळ्याचा हा कोपरा भरून घ्यायचा, वर दालन. काय दिसेल!"

"साहेब, या कोपऱ्यात घाट आहे."

"मोडक्या चार पायऱ्या आहेत."

"पालिकेनं बांधलेला घाट आहे. सात घरांना दगड वाटून दिलेत पालिकेनं."

"कुठे नोंद आहे?" अध्यक्ष फार गोड हसले. "मी शोधायला लावलं होतं, खोटं नाही सांगत. जुनं दप्तर वाळवीनं खाल्लं. कागद असता तर मी एक शब्द बोललो नसतो, दालन पलीकडे सरकवलं असतं. कागदच नाही, तर मी कशाच्या जोरावर सांगू?"

तेव्हा इस्त्रीवालीला ते चित्र आठवलं.

ट्रंकेतल्या एकतीस चित्रांत तेवढं एकच चित्र गावाचं होतं. घाट झाला त्या दिवशी आई बापाला म्हणाली होती, "सारखं काय ते हंस काढता? एकदा आमचंही काढा की." आणि बापाने काढलं होतं. अकरा नवे दगड, प्रत्येक दगडावर ज्याला तो दिला त्या घराचं नाव, मागे पालिकेचा फलक आणि त्यावर साल. काठावर तेव्हाचे अध्यक्ष उभे. त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी बापाच्याच ब्रशने कोपऱ्यात सही ठोकली होती. बापाला स्वतःला ते चित्र कधी आवडलं नाही. यात काही विशेष नाही म्हणायचा. म्हणून ते ट्रंकेत सगळ्यात खाली, चार घड्या घालून ठेवलेलं.

"कागद नाही, चित्र आहे," ती म्हणाली. "सहीसकट."

अध्यक्षांचं हसू जरा थांबलं. "सही? जुन्या अध्यक्षांची?" त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. खोलीत समोर दोन सभासद बसले होते, त्यांच्यादेखत त्यांना दुसरं काही बोलता येईना. "मग आणा की. बुधवारी सभा आहे. सगळ्यांसमोर दाखवा. सही खरी निघाली तर दगडांना हात लावणार नाही. झालं?"

झालं! ती रस्त्यावर आली तेव्हा तिला चालताना पाय हलके लागत होते. भोंगा काकीला तिने वाटेतच सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत सातही घरांना कळलं. भोंगा काकीने बापाला चाळीस वर्षांत दिलेल्या सगळ्या शिव्या परत घेतल्या.

पण पत्रे लागलेच. बुधवारपर्यंतचे चार दिवस सात घरांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. दवाखाना थांबत नाही. रक्ताच्या, औषधाच्या, उलटीच्या चादरी रोज येतातच. बायका पत्र्याला वळसा घालून तळ्याच्या चिखलाच्या बाजूने उतरत, बादल्या भरत आणि अंगणात आणून धूत. एका चादरीला तीन बादल्या. इस्त्रीवालीच्या खांद्यातून कळ निघून बोटांपर्यंत जायची. चिखलात एकदा ती आडवी पडली आणि धुतलेल्या सोळा चादरी पुन्हा धुवाव्या लागल्या. पत्रे लावणारे वरून बघत होते. त्यातला एक हसला. तिने त्याला असं काही सुनावलं की तो हसायचा थांबून पत्रा ठोकायला लागला.

मंगळवारी दुपारी तिने ट्रंक उघडली. हंस, समुद्र, डोंगर बाजूला केले आणि तळातून घाटाचं चित्र काढून पलंगावर उलगडलं. आई जवळ येऊन बसली.

रंग शाबूत होते. नावं वाचता येत होती. तिसऱ्या दगडावर त्यांचं स्वतःचं नाव होतं. त्या दगडापाशी बापाने एक बाई काढली होती, वाकलेली, पाठमोरी. ती आई होती हे आंधळ्यालाही कळलं असतं. आईने तिच्यावरून बोट फिरवून पाहिलं.

पण घड्या! वर्षानुवर्षं एकाच घडीत राहून कापडाला चार ठिकाणी उभ्याआडव्या वळ्या पडल्या होत्या. चित्र धरलं की मधूनच दुमडायचं. सही बरोबर एका सुरकुतीत गेलेली. जुन्या अध्यक्षांच्या नावातलं एक अक्षर दिसतच नव्हतं.

आता इस्त्रीवाली कोण? गावातली सगळ्यात चांगली इस्त्री तिची. लग्नाचे कपडे, कोर्टातले काळे कोट, शाळेच्या बाईंच्या साड्या, सगळे तिच्याकडे. चुरगळलेला कपडा घेऊन ती जन्मात कोणाच्या दारात गेली नव्हती. ज्या दिवशी सगळ्या सभेसमोर उभं राहायचं, त्या दिवशी चुरगळलेलं कापड घेऊन जायचं? लोक काय म्हणतील, इस्त्रीवालीच्या घरचं आणि हे असं? तिच्या मनात दुसरा विचार आलाच नाही. तिने कोळसे पेटवले.

"अगं, काय करतेस?" आईने विचारलं. "ते चित्र आहे. कापड नाही ते."

"कापडच आहे. दवाखान्याची चादर आहे, तुला काय सांगायचं."

"राहू दे गं."

"आई, मला शिकवू नकोस. उलटं करून, वर ओलं मलमल टाकून, नुसता हात फिरवते. रेशीम करते मी असं, कधी डाग पडलाय?"

तिने चित्र पालथं केलं, रंगाखाली एक मलमल, पाठीवर दुसरं ओलं मलमल. इस्त्री गालाजवळ धरून ऊब पाहिली. बेताची होती. मग सावकाश फिरवली. वाफ आली. सुरकुती गेली. दुसरी गेली. कापड असं सपाट झालं की तिला स्वतःचंच बरं वाटलं. चारही घड्या गेल्यावर तिने इस्त्री उभी केली आणि चित्र उचललं.

चित्र उचललं, आणि रंग खालीच राहिला.

खळीवर बसलेला रंग होता तो. वाफेने खळ सुटली, आणि चाळीस वर्षांचा रंग सालीसारखा निघून खालच्या मलमलला चिकटला. चादर हातात आली ती जवळजवळ पांढरी. दगड गेले. नावं गेली. फलक गेला. कोपऱ्यात सहीच्या जागी पिवळट डाग.

खळ वाफेने सुटते, हे तिच्याएवढं गावात कोणाला ठाऊक होतं? रोज सोडवते ती. बाप चादरीला खळ द्यायचा तेव्हा तीच पातेलं ढवळायला बसायची. सगळं माहीत असून तिने हे केलं होतं. तिने चित्र हळूच पलंगावर ठेवलं आणि स्वतःच्या तोंडात मारून घेतली. एकदा, दोनदा. आईने तिचा हात धरला.

"सोड मला!"

"मारून काय होणार आहे?"

"तू बोलली होतीस! मग धरलं का नाहीस मला? इस्त्री का नाही हिसकावलीस?"

"तुझ्या हातातली इस्त्री?" आई म्हणाली. "तुझ्या हातातली इस्त्री कोणी हिसकावलीय आजवर?"

मग इस्त्रीवाली रडली. रागानेच रडली. बापावरही राग आला. एकतीस वेळा रंग घेतलास हातात, एकदाच आम्हाला काढलंस, आणि तेसुद्धा धुऊन जाईल अशा खळीवर. हंस मात्र सगळे जागच्या जागी. हंसांना काही होत नाही.

बुधवारी ती तरीही गेली. न जाणं तिला जमणारं नव्हतं. एका हातात पांढरी चादर, दुसऱ्या हातात मलमल. मलमलवर घाट होता, पण उलटा आणि तुकड्यातुकड्यांत. नावं डावीकडून उजवीकडे वाचता येत नव्हती. सही कुठली आणि चिखल कुठला ते तिलाही सांगता येईना. तिने जे झालं ते खरं सांगितलं. इस्त्री केली म्हणाली.

सभागृहात मागच्या रांगेतून कोणीतरी फिस्सकन हसलं. "आरसा मागवा रे, उलटं वाचायला!" दुसरा म्हणाला. मग सगळेच हसले. ओव्हरसियर पुढे झाला, चादर दोन बोटांत धरून उजेडाकडे केली. "यात तर रिकामीच जागा दिसते, साहेब. नकाशाप्रमाणे."

अध्यक्ष हसले नाहीत. ते अधिक वाईट होतं. त्यांनी तोंडावर हळहळ आणली. "वाईट झालं. फार वाईट झालं. पण ताई, या फडक्याला पुरावा कसं म्हणू मी? तुम्हीच सांगा." आणि मग चष्मा पुसत म्हणाले, "बाकीची तीस सुखरूप आहेत ना? त्यांना तरी इस्त्री करू नका म्हणजे झालं."

त्यावर पुन्हा हशा. दाराशी धाकटा पाण्याचे ग्लास घेऊन उभा होता. तो हसला नाही, पण बाहेरही गेला नाही. इस्त्रीवालीने टेबलावरून चादर ओढून घेतली. "हसा," ती म्हणाली. "तुमच्या अंगावरचे हे कपडे कोणी धुतलेत ते आठवून हसा." कोणी ऐकलं, कोणी नाही. पुढचा विषय दिवाबत्तीचा होता.

त्याच आठवड्यात धाकटा हातगाडी घेऊन आला आणि ट्रंक घेऊन गेला. तिने अडवलं नाही. आता कशाला अडवायची? आईने ट्रंकेवरची धूळ पदराने पुसून दिली. दोन दिवसांनी यंत्र आलं आणि त्याने दगड उपटले. अकरा दगड निघाले, त्यातले चार जागीच फुटले, बाकीचे भरावात गेले. सातही घरांतल्या बायका पत्र्याच्या फटीतून बघत होत्या. भोंगा काकी त्या दिवशी हंबरडा फोडून रडली, तर आवाज खरंच पल्याडपर्यंत गेला.

दालन वर्षभरात उभं राहिलं. त्या वर्षात दोन घरांनी धंदा सोडला. त्यांतल्या एका घरचा माणूस वीटभट्टीवर गेला. दवाखान्याने निम्म्या चादरी बाहेरगावच्या लाँड्रीला दिल्या. इस्त्रीवालीचा नवरा ट्रकवर होता, महिन्यातून दोनदा घरी यायचा, तर म्हणाला, "सोड आता, माझ्याबरोबर चल." ती म्हणाली, "माझं घर सोडून मी कुठे येऊ?" बादल्या वाहून तिचा उजवा खांदा उतरला होता. पोलकं घालताना आई तिचा हात बाहीत घालून द्यायची.

उद्घाटनाची पत्रिका घेऊन धाकटाच आला. नवा खाकी गणवेश, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. कायम झाला होता. "ताई, तू आणि आईने पहिल्या रांगेत बसायचंय. तुझे दोन शब्द पण आहेत. अध्यक्ष म्हणाले, घरचं कोणीतरी बोललं पाहिजे."

ती पत्रिका बघत राहिली. बापाचं नाव सोनेरी अक्षरात होतं.

"पुढे ते काय केलंय?" तिने विचारलं. "लांबून दिसतं ते."

"हौद आहे. कारंज्याचा. तळ्यातलंच पाणी पंपाने घेतलंय. चोवीस तास चालतो."

"चोवीस तास," ती म्हणाली. "बरं. येईन मी."

धाकटा गेल्यावर तिने चपला घातल्या आणि उरलेल्या चारही घरी जाऊन आली. प्रत्येक घरी एकच सांगितलं. उद्या दहा वाजता दालनापाशी यायचं, आपापलं गाठोडं आणि धोपाटणं घेऊन यायचं, साबण विसरायचा नाही. भोंगा काकीने विचारलं, "पोलीस आले तर?" इस्त्रीवाली म्हणाली, "आले तर त्यांचे गणवेशही घेऊन टाक धुवायला."

सकाळी मांडव भरला होता. अध्यक्षांनी फीत कापली. आत भिंतीवर तीस चित्रं चौकटीत लावलेली, समुद्र, डोंगर, हंस, प्रत्येकाखाली पितळी पट्टी. भाषणं झाली. धोब्याच्या दगडातून कला कशी उमलली यावर अध्यक्ष वीस मिनिटं बोलले. दगड हा शब्द त्यांनी सात वेळा उच्चारला, इस्त्रीवालीने मोजला. मग तिला माईकपाशी बोलावलं आणि हातात पुष्पगुच्छ दिला.

तिने पुष्पगुच्छ टेबलावर ठेवला. माईक फार उंच होता, तो खाली करायला कोणी आलं नाही, म्हणून ती तशीच, मान वर करून बोलली.

"मला दोनच शब्द सांगितलेत. माझ्या बापाचं नाव तुम्ही या दारावर लावलंत. तो जिवंत होता तेव्हा तुम्ही त्याच्या चित्रावर चुना फासलात, पण ते जाऊ द्या. नाव लावलंत ना? सगळ्यांसमोर लावलंत ना? म्हणजे हे घर माझ्या बापाचं. बापाचं घर म्हणजे माझं माहेर." टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं भाषण चांगलं चाललंय. अध्यक्षांनीही टाळी वाजवली. "लेक माहेरी आली, तर तिनं चार कपडे धुवायला कोणाला विचारायचं असतं का?"

कोणी काही म्हणायच्या आत ती पायऱ्या उतरली. मांडवाच्या मागून चार घरच्या बायका गाठोडी घेऊन पुढे आल्या. इस्त्रीवालीने पदर खोचला, चपला काढल्या आणि कारंज्याच्या हौदात उतरली. पाणी मांडीपर्यंत आलं. हौदाचा काठ काळ्या गुळगुळीत दगडाचा होता, वीतभर रुंद. तिने दवाखान्याची पहिली चादर बुडवली, साबण लावला आणि त्या काठावर आपटली. फेस उडून पहिल्या रांगेतल्या पांढऱ्या कपड्यांवर पडला. भोंगा काकी हौदात उतरताना ओरडली, "जरा सरक की गं, पाळी पाळीनं!" आणि मांडवातली मागची रांग उभी राहून बघायला लागली. त्यातल्या कितीतरी जणांच्या चादरी त्या गाठोड्यांत होत्या.

आई पहिल्या रांगेतून उठली, चाचपत काठापर्यंत आली आणि काठावर बसून कपडे वेगळे करायला लागली. पांढरे एकीकडे, रंगीत एकीकडे.

"काय चाललंय हे!" अध्यक्षांचा आवाज चिरका झाला. पत्रकार फोटो काढत होता. बायकांना हात लावून बाहेर ओढायचं तर कॅमेऱ्यासमोर, आणि कलावंताच्या लेकीला, आणि कलावंताच्या म्हाताऱ्या बायकोला. ते दात ओठ खात रखवालदारावर ओरडले, "अरे, बघतोस काय? पाणी बंद कर! पंपाची खोली उघड, आधी पाणी बंद कर!"

धाकटा धावत पंपाच्या खोलीपाशी गेला. खोली हौदापासून दहा पावलांवर होती. त्याने कमरेचा जुडगा काढला. एक किल्ली लावली, काढली. दुसरी लावली. मग तिसरी. मागे चादर आपटल्याचा आवाज येत होता. त्याने वळून पाहिलं. बहीण डाव्या हाताने चादर उचलत होती, उजवा वर जात नव्हता. जुडग्यात सहाच किल्ल्या होत्या. त्या सहाही त्याने नुसत्या लावल्या, एकही फिरवली नाही, मग पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली.

"अरे, झालं का?"

धाकटा परत आला. घामाने त्याचा नवा गणवेश पाठीला चिकटला होता. त्याची उजवी मूठ खिशात होती, आणि ती त्याने बाहेर काढली नाही.

"साहेब, त्या खोलीची किल्ली सापडत नाही."

"सापडत नाही म्हणजे? सकाळी तूच पंप सुरू केलास ना?"

"केला. आता सापडत नाही." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "कुठे पडली असेल कोणास ठाऊक."

अध्यक्ष त्याच्याकडे बघतच राहिले. त्या नजरेत त्याची नोकरी गेली, हे धाकट्याला कळलं, आणि हौदात उभ्या असलेल्या इस्त्रीवालीलाही कळलं. तिने हातातली चादर थांबवली. वर्षभरात ती त्याच्याशी धड चार वाक्यं बोलली नव्हती.  राग काही गेला नव्हता.

"मग शोध नीट," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत शोध."

आणि तिने पुढची चादर आपटली.